चॉपमधला 'एच' नेमका कोणता?
चॉप (CHOP) म्हणजे लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर, एकत्र देतात त्या केमोच्या औषधांच्या आद्याक्षरांचं नाव. 'चॉपमध्ये एच आहे, पण फाइलवर डॉक्सोरुबिसिन लिहिलंय, औषध बदललं का?' असा प्रश्न आलाय. नाही, औषध तेच. एच म्हणजे हायड्रॉक्सिडॉनोरुबिसिन, हे डॉक्सोरुबिसिनचंच दुसरं नाव. हॉजकिन या लिम्फोमाच्या प्रकारावर देतात त्या एबीव्हीडी (ABVD) या केमोतला 'ए', म्हणजे अॅड्रियामायसिन, तेही हेच! डॉनोरुबिसिन मात्र वेगळं औषध आहे.

मला खरी काळजी वाटते ती 'व्हि'ने सुरू होणाऱ्या दोन औषधांची. चॉपमधला 'ओ' म्हणजे ऑन्कोव्हिन, अर्थात व्हिन्क्रिस्टिन. एबीव्हीडीतला 'व्ही' व्हिनब्लास्टिन. नावं जुळी, डोस अगदी वेगळे. व्हिन्क्रिस्टिन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, आणि ते फक्त शिरेतूनच. चुकून मणक्यात गेलं तर जीवघेणं ठरतं. म्हणून आद्याक्षरांवर विसंबू नका, प्रत्येक औषधाचं पूर्ण नाव नर्सकडून लिहून घ्या. विचारायला अजिबात संकोच करू नका.