कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो, ताल कसा सांभाळावा?

खानापूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूरला राहतो आणि दर रविवारी बसने बेळगावला गिटारच्या क्लासला जातो. तीन महिन्यांत जी, ई मायनर, सी आणि डी या चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह) बऱ्यापैकी स्वच्छ वाजू लागल्या आहेत. स्ट्रमिंगसाठी (तारांवरून हात खाली-वर फिरवून वाजवण्यासाठी) मात्र फळ्यावर 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' एवढेच लिहून दिले गेले, आणि यातला कोणता स्ट्रोक कोणत्या मात्रेवर पडतो हे कोणी समजावून सांगितले नाही. एकच कॉर्ड धरून ठेवली तर मला ते जमते, पण जीवरून सीवर जाताना डाव्या हाताची बोटे जागेवर बसेपर्यंत उजवा हात थांबून राहतो. गेल्या आठवड्यात चुलत बहीण गात होती आणि मी साथ करत होतो, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी तिला माझ्यासाठी थांबावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. याचा सराव नेमका कसा करावा?

शहापूरचा ठेका

मी गिटार वाजवत नाही. आमच्या भजनी मंडळात तबल्याची साथ करतो आणि घरी मुलगा गिटार शिकतो, त्यामुळे हीच अडचण मी रोज जवळून पाहिली आहे. तुम्हाला फळ्यावर लिहून दिलेला प्रकार आपल्या केरवा तालाच्या आठ मात्रांवर ठेवून पाहा. 'धा गे न ती, न क धी न' असे तोंडाने म्हणत राहा आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू ठेवा: विषम मात्रेला तो खाली जाईल आणि सम मात्रेला वर येईल. आता पहिल्या मात्रेला खाली वाजवा, दुसरीला हात नुसता वर येऊ द्या, तिसरीला खाली आणि चौथीला वर वाजवा, पाचवीला हात तारांना न लावता खाली न्या, सहावीला वर, सातवीला खाली आणि आठवीला पुन्हा वर वाजवा.

त्या पाचव्या मात्रेकडे विशेष लक्ष द्या. केरव्यात काल, म्हणजे टाळी न देण्याची जागा, तिथेच येतो (काही जण त्याला 'खाली' म्हणतात, पण स्ट्रोकच्या 'खाली'शी घोटाळा नको म्हणून मी काल म्हणतो). तबल्यावर तिथे डग्ग्याचा घुमार नसतो, आणि तुमच्या गिटारवरही त्या जागी आवाज नसतो. आवाज नसला तरी मात्रा असते, आणि ती मात्रा हाताने चालून जायला हवी. बहुतेक मुले नेमकी इथेच हात थांबवतात, मग सहावी मात्रा अंदाजाने मारतात, आणि ठेका पळू लागतो. गावातल्या भजनात काही दिवस टाळ धरून उभे राहिलात तर हे अंगात लवकर मुरेल, कारण तिथे सगळ्यांचे हात एकाच वेळी उघडतात आणि मिटतात, आणि आपल्या एकट्याचा हात चुकला की लगेच कळते.

निपाणीची ताई

काकांनी मात्रांचा हिशोब अगदी बरोबर मांडला आहे. त्याला जोडून मी डाव्या हाताबद्दल सांगते, कारण मीही या अडचणीत बरेच महिने अडकले होते.

पहिले काही दिवस कॉर्ड धरूच नका. डाव्या हाताची बोटे तारांवर अलगद आडवी ठेवा, म्हणजे सूर न निघता नुसता 'छक् छक्' आवाज येईल. मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला दोन मात्रा धरा, म्हणजे आठ मात्रांचे एक आवर्तन चार सेकंदांत पुरे होईल. हे फार संथ वाटेल, पण वेग वाढवण्याची घाई करू नका.

त्यानंतर दोनच कॉर्ड घ्या, आणि इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा: बोटे वेळेवर पोहोचली नाहीत तरी उजवा हात थांबता कामा नये. सी अर्धवट लागली तर अर्धवटच वाजू द्या. ऐकणाऱ्याला एखादा फसका सूर चालून जातो, पण तुटलेला ताल गाणाऱ्याचा श्वास अडवतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत हेच झाले. शिवाय आठव्या मात्रेच्या वरच्या स्ट्रोकला बोटे आधीच उचलायला हरकत नाही. त्या क्षणी मोकळ्या तारा वाजतात, स्ट्रोक हलका असल्याने ते कानाला खटकत नाही, आणि पुढच्या समेपर्यंत (म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) बोटांना जागेवर बसायला तेवढा अवकाश मिळतो. अनुभवी वादकही सर्रास असे करतात.

वरचा स्ट्रोक सहाही तारांवर ओढू नका, खालच्या बाजूच्या तीन बारीक तारा पुरेत. हात कोपरातून न फेकता मनगट सैल ठेवा, धुतलेल्या हाताचे पाणी झटकतो तसे.

चिकोडीकर

पिक (तारा छेडायची छोटी चकती) कोणते आहे तेही पाहा. जाड पिक तारांत अडकते आणि हाताची लय मोडते. नवशिक्याने साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचे पिक घ्यावे आणि त्याचे टोक बोटांच्या बाहेर थोडेच राहील असे धरावे.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस रोज सकाळी अर्धा तास छक् छक् केले आणि पाचवी मात्रा मोठ्याने 'न' म्हणून मोजली. काल जी आणि सी पाच मिनिटे न थांबता वाजल्या. सी अजून पूर्ण लागत नाही, पण हात चालू राहतो. आता बहिणीला एक दादऱ्यातले भावगीत म्हणायचे आहे. त्याला हाच प्रकार चालेल का?

शहापूरचा ठेका

नाही, तो तिथे बसणार नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा विभागलेल्या असतात. सध्या 'धा धी ना, धा ती ना' म्हणत सहाही मात्रांना खालीच वाजवा, पहिल्या मात्रेवर चांगला जोर द्या आणि चौथीवर त्याहून कमी. दोन्ही जागा स्पष्ट ऐकू येऊ लागल्या की मगच मधल्या मात्रांत वरचे स्ट्रोक भरा, आणि बहिणीला टाळी देत सोबत बसवा.