शब्दचर्चा : घसारा, निर्लेखन आणि मोडीत काढणे

प्रश्न (वेंगुर्ला) : आमचा भागीदारीतला काजू कारखाना आहे. जुनं कटिंग मशिन विकायचं ठरलंय आणि थोरल्या भागीदारांना ठराव मराठीतच हवा. मसुद्यात एकाने 'अवमूल्यन' लिहिलंय, दुसऱ्याने 'मूल्यऱ्हास', तिसऱ्याने थेट 'निर्लेखन'. यातलं काय ठेवू?

उत्तर (रत्नागिरी, हिशेबनीस) : ताई, 'अवमूल्यन' आधी खोडा. ते चलनाचं होतं, १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं झालं तसं. यंत्राचा असतो तो घसारा. 'मूल्यऱ्हास' चूक नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की बाजारभाव उतरला. घसाऱ्याला बाजारभावाशी देणंघेणं नाही. यंत्राला मोजलेली किंमत त्याच्या कामाच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकायची, ही दरसालची वाटणी म्हणजे घसारा. पैसे खरेदीलाच गेलेले असतात. घसाऱ्याची नोंद करताना गल्ल्यातला रुपयाही हलत नाही. 'घसाऱ्याचे पैसे कुठे ठेवलेत?' असं विचारणारे भागीदार मला दर मार्चअखेर भेटतात.

वाटणीच्या रीती मुख्यतः दोन. स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी रक्कम तीच. ऱ्हासमान शेष पद्धतीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी, म्हणून रक्कम दरवर्षी कमी होत जाते. आयकरात यंत्रांना बहुतेक ही दुसरीच लागते, सर्वसाधारण दर १५ टक्के. दोन लाखांचं मशिन धरा. पहिल्या वर्षी ३०,००० गेले, राहिले १,७०,०००. दुसऱ्या वर्षी २५,५०० आणि तिसऱ्या वर्षी २१,६७५ गेले की वहीत उरतात १,२२,८२५. या आकड्याला 'पुस्तकी किंमत' म्हणा, सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद (मालवण) : पण आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंड बघता बघता गंजतं. सोलापूरच्या यंत्राला आणि आमच्या यंत्राला दर एकच? शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी झापांनी शाकारून किनाऱ्यावर. ते दोन महिने घसारा थांबतो काय?

उत्तर (रत्नागिरी) : कर लावताना गंजाला वेगळा दर नाही, सोलापूर काय नि मालवण काय. स्वतःच्या वहीत मात्र यंत्राचं आयुष्य कमी धरता येतं; मग वहीतला घसारा वेगळा आणि करापुरता वेगळा, असे दोन तक्ते ठेवायचे. लाकडी सांगाड्याच्या मासेमारी नौकेला करात २० टक्के आहेत. आणि बंदीत होडी उभी राहिली म्हणून घसारा उभा राहत नाही. बिनकामाचं यंत्रही जुनं होतंच.

दिवस मोजायचे ते खरेदीच्या वर्षी. त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर करात निम्माच दर. आंबा कॅनिंगवाल्यांना हे टोचतं. हंगामासाठी पल्पर मार्चमध्ये चालू केला तर त्या वर्षी साडेसात टक्के, एप्रिलमध्ये केला तर पुरते पंधरा.

प्रतिसाद (मालवण) : बरा झाला सांगितलात. आमच्याकडे जुनी होडी 'मोडूक काढली' म्हणतत. ह्या म्हणजे निर्लेखन काय?

उत्तर (रत्नागिरी) : नाही, आणि खरी गफलत इथेच होते. मोडीत काढणं वस्तूचं, निर्लेखन नोंदीचं. जिल्हा परिषद शाळेची पडकी खोली निर्लेखित करते तेव्हा खोली त्या दिवशी जागेवरच उभी असते, फक्त नोंदवहीतून उतरते. पाडकाम मागून, कधीकधी फार मागून. उलटही पाहिलंय : होडी फोडून लाकूड विकून झालं, इंजिन दुसऱ्याच्या होडीत धावतंय आणि वहीत मात्र ती अजून घसारा खातेय. 'विल्हेवाट' हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. विकली, बदल्यात दिली, भंगारात घातली, काहीही असो.

विकताना वहीत काय होतं ते बघा. वरचं मशिन ९०,००० ला गेलं तर १,२२,८२५ मधून ते वजा, ३२,८२५ 'विक्रीवरील तोटा'. दीड लाखाला गेलं असतं तर २७,१७५ नफा. आयकरात असा एकेका यंत्राचा हिशेब नसतो. एका दराची यंत्रं एका गटात, आलेले ९०,००० त्या गटाच्या शिलकीतून वजा, आणि उरलेल्यावर घसारा पुढे चालू. गट रिकामा झाला किंवा शिलकीपेक्षा जास्त पैसे आले, तरच अल्पमुदतीचा भांडवली नफा-तोटा निघतो. वादळात यंत्र गेलं आणि विम्याचे पैसे आले, तर तेही विक्रीच्या पैशांसारखेच गटातून वजा होतात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-अलिबागकडच्यांना हे विचारा.

प्रश्न (वेंगुर्ला) : मग ठरावात?

उत्तर (रत्नागिरी) : 'सदर यंत्र वापरातून काढून विकण्यात यावे, त्याची आजअखेरची पुस्तकी किंमत मालमत्ता नोंदवहीतून कमी करावी आणि विक्रीतील नफा वा तोटा नफातोटा पत्रकात घ्यावा.' यंत्राचा क्रमांक आणि खरेदीचं वर्ष लिहायला विसरू नका. 'निर्लेखन' गिऱ्हाईक मिळालं नाही तर लिहा. विकताय तर त्याची गरज नाही.