मदत हवी आहे: आरोग्य कार्यक्रमात लोकांचा खरा सहभाग कसा वाढवायचा?

नमस्कार मंडळी,

मी आरोग्यजागृतीच्या कामात स्वयंसेवक आहे. आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे, हे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातच मान्य झालंय. प्रत्यक्षात मात्र विषय, घोषवाक्य, वेळ सगळं आधीच ठरतं आणि लोकांना बोलावलं जातं ते हजेरीपटावर सही करायला. लोकसहभागावर लिहिणाऱ्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात माहिती देणं तिसरी पायरी, मत विचारणं चौथी. आम्ही तिथेच अडकलोय. निर्णयात वाटा मिळतो तो सहाव्या पायरीपासून.

बैठकीत मागे बसलेली एखादी बाई बोलायला लागते, तोच पुढचा कुणीतरी तिचं वाक्य स्वतःच पुरं करतो आणि ती गप्प होते. हे मला फार लागतं, कारण घरातलं आजारपण तीच काढते.

बायकांच्या वेगळ्या बैठका घ्याव्यात का? की त्याने मुख्य बैठकीत त्या आणखी मागे पडतील? आणि खर्च कशावर करायचा हे लोकांच्या हाती सोपवल्याचा कुणाला अनुभव आहे का? वरिष्ठांना कसं पटवलंत, तेही सविस्तर सांगा.