रंगमंचावरचा हुंदका खरा असला म्हणजे तो सुंदर असतो का?

तळ्याकाठचा:
गेल्या आठवड्यात हुतात्मा स्मृती मंदिरात एक हौशी एकांकिका पाहिली. विषय आपल्याच सोलापूरचा. मे १९३० नंतरचा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. संस्थेचं नाव घेत नाही. मुलं जीव ओतून काम करणारी आहेत, त्यांना दुखवायचं नाही.

नाटकात एक आई आहे. चौघांपैकी नेमकी कुणाची ते सांगितलेलं नाही, कुणाचीही असू शकते. फाशीची बातमी येते आणि ती रडते. जवळजवळ दहा मिनिटं. डोळ्यांत खरं पाणी होतं, गळा खरोखर बसला होता. आणि माझ्या दोन्ही बाजूंना मोबाइलचे पडदे उजळले.

त्यानंतर म्हातारा बाप येतो. एक शब्द बोलत नाही. पोराची टोपी उचलतो, धूळ झटकतो, घडी करतो, खुंटीला लावतो. दोन पावलं जातो, परत येतो. घडी उलटी पडलेली असते. टोपी काढतो, सुलटी घडी घालतो, पुन्हा लावतो. सभागृहात चिडीचूप. माझ्या शेजारच्याने मोबाइल कधी खिशात ठेवला ते त्यालाही कळलं नसेल.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. दुःख होणं आणि दुःख मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूत म्हणजे चादर नव्हे, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. भरताने नाट्यशास्त्रात ८ रस सांगितले, पुढे शांत हा नववा धरला गेला आणि अभिनवगुप्ताने त्याची बाजू भक्कमपणे मांडली. पण भरताची मूळ उपमा स्वयंपाकाची आहे. निरनिराळे मसाले, पदार्थ एकत्र येतात तेव्हा चव तयार होते, तसा रस. नुसती मिरची चावली तर डोळ्यांत पाणी येईल, पण तिला कुणी चव म्हणणार नाही.

आणखी एक. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे ती उंच काठी, पेलणाऱ्याकडे कधी जवळून बघा. पांढरी बाराबंदी, कमरेला आधार, भोवती सावरणारी माणसं, सगळीकडे ‘बोला हर्र’चा गजर. त्या क्षणी सगळ्या गर्दीत सर्वांत जास्त भक्ती त्याच्याच अंगात असते. पण तो नाचत नाही, डोळे मिटत नाही. मिटले तर काठी कलंडेल. आधी कित्येक रात्री सराव केलेला असतो तो यासाठीच. माझ्या मते कलावंताचं काम हेच. भावना पेलायची, तिच्यात वाहून जायचं नाही.

विंगेतला:
त्या प्रयोगाला मी विंगेत होतो. तुम्ही पुढच्या रांगांत बसला असणार, कारण मोबाइल तिथेच उजळले होते. विंगेतून मागच्या रांगा दिसतात. त्या पोरांच्या आया, मावश्या, शेजारणी तिथे बसल्या होत्या आणि आईच्या प्रवेशात पदर डोळ्यांना लागलेले मी मोजले नाहीत, पण बरेच होते. टोपीच्या प्रवेशात त्यांच्यात कुजबुज झाली, “आता काय करतोय ओ हा?”

मग खरा प्रेक्षक कुठला? ज्याला टोपी कळली तो, की ज्याला रडणं कळलं तो? तुम्हाला जे भिडलं नाही ते कच्चं, असं सरळ लिहून मोकळे झालात. पहिला श्लोक क्रौंच पक्ष्याच्या वधाने कळवळून बाहेर पडला म्हणतात. वाल्मीकींनी आधी सराव केला नव्हता.

तळ्याकाठचा:
मागच्या रांगांचं मला दिसलं नव्हतं. ‘सभागृहात चिडीचूप’ हे माझं म्हणणं माझ्या रांगेपुरतं होतं, हे मान्य.

पण वाल्मीकींची गोष्ट माझ्या बाजूची आहे. शापाचे शब्द तोंडून गेल्यावर ते थबकले आणि शिष्याला, भारद्वाजाला म्हणाले की हे जे बाहेर पडलं ते चरणांत बांधलेलं आहे, अक्षरं सारखी आहेत, वीणेच्या लयीवर म्हणता येईल. शोक तर कुणालाही होतो. त्यांना नवल वाटलं ते शोकाला चरण फुटले याचं.

वचनवेडा:
तळ्याकाठी राहता, सिद्धरामेश्वरांची काठी पुरावा म्हणून आणता, मग त्यांची वचनंही आणायला हवीत. घरी कन्नड बोलतो म्हणून थोडं हक्काने लिहितो.

१२व्या शतकातली वचनं म्हणजे काय? वचन म्हणजे बोलणं. छंद नाही, मात्रा नाही. आपल्या देवाशी माणूस जसा भांडेल, रडेल, तसं. बसवण्णांच्या एका वचनाचा तर आशयच असा आहे की मला ताल कळत नाही, मात्रा कळत नाहीत, तुला दुखावेल असं यात काही नाही, म्हणून मी मनाला येईल तसं गातो. ज्या काळी कन्नडमध्ये छंदोबद्ध, राजदरबारी काव्याची मोठी परंपरा होती, त्या काळी हे लोक म्हणाले की आम्हाला ते साचे नकोत. आणि आठशे वर्षांनंतरही आमच्या घरी सकाळी ती म्हटली जातात. सिद्धरामेश्वरांची वचनं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेवर, म्हणजे शेवटी येणाऱ्या देवाच्या नावावर, येऊन थांबतात. माझे वडील शेवटच्या दोन शब्दांशी आवाज खाली आणायचे, तेवढंच काय ते गायन.

शरणसाहित्यात, म्हणजे या वचनकारांच्या साहित्यात, कथा आहे. सिद्धराम तळं खोदून घेत होते, देवळं बांधत होते, तेव्हा वचनकार अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे त्या काळच्या सोलापूरला, आले आणि म्हणाले, हे बाहेरचं बांधकाम पुरे, आत बघ. तुमचा सगळा मुद्दा बांधकामाचा आहे, सर. घडी, लय, तोल. अल्लमप्रभू तुम्हालाही तेच विचारतील.

तळ्याकाठचा:
अण्णा, विचारतील खरं. पण तळंही राहिलंच ना. रोज संध्याकाळी मी त्याच्याच काठावर बसतो.

आणि वचनांना छंद नसला तरी घाट नाही असं मला वाटत नाही. एकच रचना पुन्हा पुन्हा येते, एकापुढे एक दृष्टान्त येतात आणि शेवटी ती मुद्रा. तुमचे वडील नेमक्या दोन शब्दांवर आवाज खाली आणायचे, हे तुम्हाला इतक्या वर्षांनी आठवतं. त्याला काय म्हणायचं?

वचनवेडा:
त्याला मी श्रद्धा म्हणतो. तुम्ही घाट म्हणता. शब्द तोच आवाज ऐकून ठरवायचा असेल तर माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं, ते आता शक्य नाही.

नवीपेठकर:
रामजोशी आपल्या सोलापूरचाच. शृंगाराच्या लावण्या त्याच्या, आणि कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेणाराही तोच. त्याचे प्रास इतके घट्ट की म्हणताना जीभ अडखळते, तरी मन भरून येतं. एकाच माणसाला कसब आणि कळवळा दोन्ही होते, मग भांडण कशाचं?

धोटा:
भांडण आहे, कारण सर सुताचं उदाहरण देतायत आणि माझं अर्धं आयुष्य सुतात गेलं. पूर्व भागात आमचे माग होते. आता दोनच उरलेत, तेही भाड्याने दिलेत.

जेकार्ड मागावर चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांना पाडलेल्या भोकांत असते. भोक असेल तिथे एक धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एकदा कार्डं लावली की मोर निघणार तो निघणारच. माग चालवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी मयत झाली असली तरी मोराचा पिसारा तसाच. म्हणजे तुमचं ते ‘पेललेलं’, तोल सांभाळलेलं काम म्हणाल तर ते आमचा माग सगळ्यात चांगलं करतो. हजारो चादरी निघाल्या. कोणी मोर बघून रडलेलं मी पाहिलं नाही.

पण एक गोष्ट पाहिली. माझे वडील ओसरीवर मागांकडे पाठ करून जेवायला बसायचे. आत चार माग धडधडत असायचे, त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि मधेच घास हातात धरून म्हणायचे, “तिसऱ्यावर धागा तुटला.” जाऊन बघितलं की तुटलेला असायचा. हे कोणत्या कार्डात लिहिलेलं नव्हतं. मला ते सुंदर वाटतं. आता तो मोर बघितला तर मला वडिलांचा हातातला घास आठवतो, नक्षी नाही.

म्हणून म्हणतो, घडी नीट घातली म्हणून टोपी भिडली असं नाही. घडी चुकली, त्याने परत घातली, म्हणून भिडली.

तळ्याकाठचा:
हे मी दोनदा वाचलं. घडी चुकली म्हणून भिडली, हे माझ्या डोळ्यांसमोर घडूनही मला असं दिसलं नव्हतं. तरी एक विचारतो. नटाने ती चूक बसवलेली होती. रोज तालमीत त्याच जागी तो चुकला असणार. तुमच्या वडिलांचा कान खरा होता, त्याची चूक खोटी होती, आणि तरीही ती खरी वाटली. तेच तर कसब, नाही का?

विंगेतला:
बसवलेली नव्हती. तालमीत एकदाच घडी घालायची होती. त्या दिवशी खुंटी सैल होती, टोपी सरकून वाकडी झाली, म्हणून तो परत आला.

तळ्याकाठचा:
मग मला विचार करायला वेळ द्या.

मार्डीची लेक:
तुम्ही विचार करा सर, तोवर मी बोलते. इतका वेळ सगळे टोपीवर बोलतायत, त्या रडणाऱ्या आईवर कोणी बोलेना.

आमच्याकडे मयतीला बाया हेल काढून रडतात. शहरातली माणसं बाजूला उभी राहून बघतात, काही तोंड फिरवतात. पण कधी कान देऊन ऐकलंय का? त्या नुसतं ओरडत नाहीत. गेलेल्याला हाक मारतात, मग त्याने कधी काय केलं ते एकेक सांगतात. विहीर खणली, बहिणीला नेसवलं, दुष्काळात बैल विकला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर वर जातो आणि तुटतो. एकीचा तुटला की दुसरी तिथून उचलते. हे कोणी शिकवत नाही, आणि तरी माझ्या चुलत्यांच्या मयतीला माझ्याही तोंडून ते बरोबर निघालं. मग हे कच्चं सूत की विणलेली चादर? सर, तुमच्या दोन्ही खणांत ते बसत नाही. पुरुष गप्प राहून टोपी लावतो ते सुंदर, आणि बाई मोठ्याने रडते ते उघडंवाघडं, हे आपण कधी ठरवलं? मागच्या रांगांतल्या बायांना ते रडणं कळलं, कारण त्यांना ती भाषा येते.

आता माझ्या आजीचं सांगते. तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. माझ्या वडिलांच्या आधीचा. त्याच्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. पहाटे जात्यावर बसली की ओवीत तो यायचा, पण नावाने नाही. ती गायची कुंचीबद्दल. लाल खणाची कुंची शिवली, एका बाजूला गोंडा लावला, दुसऱ्या बाजूचा लावायचा राहिला. एवढंच. पुढच्या ओवीत दुसरंच काही, पाऊस, माहेर, पंढरीची वाट. आणि फिरून पुन्हा गोंडा.

एकदा माझ्या आत्याने तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला. आजीला एक ओवी आली नाही. “जातं नाही तर कशावर म्हणू?” म्हणाली.

तळ्याकाठचा:
ताई, हेल काढण्याचं मी आजवर ऐकलं होतं, असं ऐकलं नव्हतं. ‘उघडंवाघडं’ हा शब्द माझा नाही, पण माझ्या लिहिण्यात तो होता. हे मी मागे घेतो. त्या मुलीचं काम मला भिडलं नाही यात तिचा दोष किती आणि माझ्या कानाचा किती, हे आता मला सांगता येणार नाही.

आजीबद्दल मात्र मी माझ्या जागेवर आहे. मला दुःख झालं असं ती म्हणाली नाही, गोंडा राहिला म्हणाली. आणि जात्याशिवाय तिला म्हणता येईना. जात्याची फेरी हीच तिची मात्रा. एका गोंड्यात तिने सगळं आणलं. याहून मोठी निवड कुठल्या कवीने केली असेल?

मार्डीची लेक:
निवड नव्हती ती. तिच्याकडे तेवढंच होतं. फोटो नाही, पाळणा दुसऱ्याचा आणलेला परत गेलेला. उरली ती कुंची. तुम्ही तिला कवी म्हणताय ते प्रेमानेच, मला समजतं. पण ती कुणाला भिडावं म्हणून गात नव्हती. घरचे सगळे झोपलेले असायचे, समोर फक्त पीठ. मी अंथरुणात जागी असायची ते तिला कधी कळलं नाही. कुणीच ऐकणार नाही अशा जागी माणूस इतकं नीट गातो, ते तुमच्या रसाच्या हिशोबात कुठे मांडायचं ते तुम्ही सांगा. मला फक्त एवढं कळतं की ती गायची म्हणून दिवसभर उभी राहायची.

धोटा:
ताई, ती कुंची अजून आहे का?

मार्डीची लेक:
आहे. वडिलांच्या ट्रंकेत, जुन्या सातबाऱ्याच्या कागदांखाली. रंग विटलाय. ओव्या मला सातच येतात. लिहून काढायला दोनदा बसले. पण तिसऱ्या चरणाला ती थांबायची, जातं जड जायचं तिथे एक हुंकार यायचा, मग चौथा चरण. तो हुंकार कागदावर कसा लिहायचा ते जमत नाही, म्हणून अजून लिहिल्या नाहीत.

विंगेतला:
लिहू नका. आमच्या ज्या मुलीने आईचं काम केलं तिला घेऊन मी मार्डीला येतो. जातं आहे का घरी?

मार्डीची लेक:
खालची तळी आहे. वरची शेजारी गेलीय, मागून आणते. या.