मदत हवी आहे: फॉर्म मराठीत, रुग्ण अहिराणीत. नैराश्यासाठी जीवनमानाची प्रश्नावली तपासताना अडकले आहे

नमस्कार मंडळी,

मी मानसोपचारात एम.डी. करतेय, दुसरं वर्ष, धुळे जिल्ह्यात. थिसिसचा विषय असा: डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही जीवनमानाची प्रश्नावली आपल्याकडच्या नैराश्याच्या रुग्णांत विश्वसनीय (पुन्हा विचारलं तरी तेच माप देणारी) आणि वैध (जे मोजायचं तेच मोजणारी) ठरते का. विषय घेताना वाटलं होतं, मराठी फॉर्म हाताशी आहे, भरून घ्यायचे आणि एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. चाळीस फॉर्म झाले आणि गाडी थांबली.

२६ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. अर्धे रुग्ण स्वतः वाचत नाहीत, म्हणून मी किंवा आमची समाजसेविका ताई वाचून दाखवतो. साक्रीकडची एक माय आली होती, पन्नाशीची, शेजारी सून. 'भोवतालचं वातावरण किती आरोग्यदायी आहे' हे मी फॉर्मवरचं जसंच्या तसं वाचलं. ती म्हणाली, "वातावरण? औंदा पाऊसच उना नही." मी अहिराणीत फोड करून सांगितलं, गल्ली, पाणी, गटार, घर. मग तिने नीट उत्तर दिलं. पण माझी फोड वेगळी, ताईंची वेगळी. मग आम्ही दोघी एकच प्रश्न विचारतोय असं म्हणायचं कसं? माझी खरी अडचण हीच आहे.

उत्तरांच्या पाच पायऱ्यांचंही तेच. 'मध्यम' आणि 'बऱ्यापैकी' यातला फरक बहुतेकांना लागत नाही. पण त्याच माय-बाबांना 'कसं वाटतं आता?' विचारलं की चटकन सांगतात, "आठ आणा बरं शे", "बारा आणा फरक शे". इतकं नेमकं माप त्यांच्याजवळ आहे आणि आमच्या फॉर्मात त्याला जागा नाही. पायऱ्या आण्यांत मांडल्या तर चालेल का? की मग ती वेगळीच प्रश्नावली होते आणि सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं?

दुसरी अडचण पुनर्चाचणीची. गाइड म्हणतात, दोन आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घे. पण नवीन रुग्णाला औषध सुरू झालं की दोन ते चार आठवड्यांत फरक पडायला लागतो. गुण बदलले तर प्रश्नावली डळमळीत की माणूस सुधारला, कसं ओळखायचं? त्यात कापसाची वेचणी सुरू आहे. मजुरी किलोवर मिळते, एक दिवस बुडवून शिरपूरहून एसटीने फक्त माझ्या फॉर्मसाठी कोण येईल, आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलावू? माझ्या मनात असं आहे की पुनर्चाचणीपुरते जुने रुग्ण घ्यावेत, ज्यांचा डोस काही महिने बदललेला नाही, आणि दोन्ही वेळी हॅमिल्टन (नैराश्याची तीव्रता मोजायची श्रेणी) लावून आजार तिथेच आहे याची खात्री करावी. असं कुणी केलंय का?

तिसरं, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीशी तुलना करतेय. माझ्या प्रश्नावलीच्या मानसिक विभागाचा तिच्याशी सहसंबंध दणदणीत येतोय, गाइड खूश आहेत, मी नाही. डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफचा २६वा प्रश्नच उदासी, निराशा, चिंता यांबद्दल आहे. झोप, थकवा, एकाग्रता दोन्हीकडे आहेत. एकच गोष्ट दोनदा मोजून तिला वैधता म्हणतोय का आपण? तो प्रश्न वगळून पुन्हा गणित मांडावं, असं वाटतं.

सामाजिक विभागात प्रश्न तीनच, त्यातला एक लैंगिक जीवनाचा. सासू किंवा सून शेजारी असली की तो कोराच राहतो. तीन प्रश्नांवर अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) तसाही कमी येतो, त्यात हे. आता नातेवाइकांना बाहेर बसवून विचारते.

वऱ्हाडी, मालवणी, पावरी अशा बोलीत कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. बोलीतला मजकूर पक्का कसा केला, आणि एथिक्स कमिटीला काय सांगितलं?

भर: खाली प्रतिसादांत दोघांनी सुचवलंय की मराठी वाचता येणारेच रुग्ण घ्यावेत. सोपं होईल, मान्य. पण मग साक्रीची माय माझ्या थिसिसमध्ये नसेल, आणि ओपीडीत जास्त तीच असते. त्यामुळे असं ठरवतेय: मूळ प्रश्नावलीच्या परवानगीचं पत्र आधी पाठवायचं. मग दोघांनी स्वतंत्रपणे अहिराणी मजकूर करायचा, तिसऱ्याने मूळ न बघता तो परत मराठीत आणायचा, आणि आठ-दहा रुग्णांना वाचून 'तुम्हाला काय समजलं' हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. अमळनेर-पारोळ्याकडची आणि साक्री-नंदुरबारकडची अहिराणी थोडी वेगळी पडते, म्हणून दोन्हीकडची माणसं हवी आहेत. घरात रोज अहिराणी बोलणारं कुणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.