माझ्या नावाने आलेली ‘अंतिम प्रूफ’ मेल उघडू नका

प्रेषक: मेधा, दिवाळी अंक समिती
मंगळवार, रात्री ११.४०

सर्वांना नमस्कार,

काल दुपारी माझ्या पत्त्यावरून यादीतल्या सगळ्यांना ‘दिवाळी अंक – अंतिम प्रूफ’ अशी मेल गेली आहे. सोबत झिप फाइल आहे आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला आहे. ती मी पाठवलेली नाही. उघडली नसेल तर तशीच डिलीट करा. उघडली असेल तर त्या कॉम्प्युटरचं वायफाय आत्ता बंद करा आणि मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

काय झालं ते सगळं सांगते, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. विद्याकाकूंचा लेख युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. माझ्याकडे उघडल्यावर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसत होती. रविवारी रात्री तो फाँट शोधायला बसले. एका साइटवर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं होती, त्यातलं मधलं दाबलं. उतरलेल्या फाइलवर ‘अ’ काढलेलं चिन्ह होतं आणि नाव ‘टीटीएफ’ने, म्हणजे फाँटच्या फाइलीसारखं, संपत होतं. क्लिक केल्यावर विंडोजची निळी पाटी आली, की हे अनोळखी आहे, थांबवलंय. मला वाटलं, फाँटच तर आहे. ‘तरीही चालवा’ म्हटलं. एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. फाँट काही आला नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ‘ही तूच पाठवलीस का?’ असं मला लगेच विचारलं होतं. मला एकही उत्तर दिसलं नाही. आज संध्याकाळी नंदूकाकांचा फोन आला तेव्हा कळलं. आशुतोषने सेटिंग्ज उघडायला लावल्या, तर तिथे मी कधीच न केलेला एक नियम सापडला: विषयात ‘प्रूफ’ असलेली प्रत्येक मेल परस्पर कचऱ्यात. तुमचे सगळे प्रश्न तिथे पडलेले होते.

ज्यांनी ती फाइल माझ्यावर विश्वास ठेवून उघडली, त्यांची मी मनापासून माफी मागते.

मेधा

---

प्रेषक: नंदूकाका
बुधवार, सकाळी ६.१५

मेधा,

माफी कसली मागतेस. तू रात्रीच सगळ्यांना कळवलंस हे फार बरं केलंस.

बाकीच्यांसाठी एक सांगतो. मी त्या मेलला ‘मेधा, हे तुझंच ना?’ असं उत्तर दिलं होतं, आणि दहा मिनिटांत इंग्रजीत ‘यस, प्लीज ओपन’ असं परत आलं. इतक्या वर्षांत मेधाने मला इंग्रजीत एक ओळ लिहिलेली नाही. तिथेच हात थांबला आणि फोन उचलला. तेव्हा शंका आली तर त्याच मेलला उत्तर देऊन विचारू नका, पलीकडे चोरच बसलेला असू शकतो. ओळखीच्या नंबरवर फोन करून माणसाचा आवाज ऐका.

आशुतोष, आता माझं काम. पुण्यात डीटीपी करायचो तेव्हा व्हायरस फ्लॉप्यांतून यायचे आणि आम्ही क्विक हील वापरायचो. कैलास काटकरांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि धाकट्या भावाने, संजयने, तो प्रोग्रॅम लिहिला होता, याचा आम्हाला मोठा अभिमान. इथे अमेरिकेत मुलाने घेऊन दिलेला विंडोज १० चा कॉम्प्युटर आहे. त्यावर कोणता अँटीव्हायरस विकत घेऊ? दोन घातले तर जास्त बरं का?

नंदूकाका

---

प्रेषक: आशुतोष
बुधवार, रात्री ९.०५

काका, दोन नकोत. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि कॉम्प्युटर तेवढा मंदावतो. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीपासून आहे आणि घरच्या वापराला तो पुरतो. पुण्याचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एकच.

तुमच्याकडे मला त्याहून मोठी काळजी विंडोज १० ची वाटते. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरच्या ग्राहकांना आणखी एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, पण ती आपोआप मिळत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनमधली इस्पितळं ठप्प केली, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. तो ज्यांनी घातला नव्हता, ते सापडले. मी शनिवारी तुमच्याकडे येतो, दोघं मिळून करू.

आता मेधाताईंचं. काल रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही फोनवर होतो. बऱ्याच जणांनी विचारलं, की मेधाताईंनी तर मोबाइलवर कोड येणारी दुहेरी पडताळणी लावली होती, मग चोर शिरला कसा? आपल्या गणेशोत्सवात दारावर एकदा तिकीट दाखवलं की मनगटाला कागदी पट्टी बांधतात. मग दिवसभर कितीही आत-बाहेर करा, पट्टी पाहून सोडतात. ब्राउझरही तसंच करतो: एकदा लॉगिन झालात की एक खूण जपून ठेवतो, म्हणून तुम्हाला रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. त्या काळ्या खिडकीने ब्राउझरमधल्या अशा खुणा आणि तिथेच साठवलेले पासवर्ड उचलून बाहेर पाठवले. चोराला दारावर थांबावंच लागलं नाही.

म्हणूनच नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ज्यांनी झिप उघडली त्यांनी आधी तो कॉम्प्युटर इंटरनेटवरून काढा. मग फोनवरून किंवा घरातल्या दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून मेलचा पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. मनगटावरच्या साऱ्या पट्ट्या तेव्हाच फाटतात. बिघडलेल्या मशीनवरून नवा पासवर्ड टाकू नका, तोही जाईल. मेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर तुमचाच आहे ना ते बघा. मेलनंतर बँक, कारण बँकेचा पासवर्ड बदलण्याची लिंक मेलवरच येते. टॅक्सचे कागद त्या कॉम्प्युटरवर असतील तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते कायद्यानेच मोफत आहे. तक्रार एफबीआयच्या आयसी-थ्री या सायबर गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर ऑनलाइन करता येते.

कॉम्प्युटर मात्र पुसून नव्याने विंडोज घालावं लागेल. स्कॅन करून ‘काही सापडलं नाही’ असं आलं तरी मी त्यावर बँक उघडणार नाही. मेधाताईंचे फोटो वाचले, कारण त्या दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतात आणि डिस्क काढून कपाटात ठेवतात. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत समजू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो तिलाही कुलूप घालतो.

आणि त्या फाँटच्या फाइलबद्दल. तिचं पूर्ण नाव ‘टीटीएफ’नंतर पुन्हा एक टिंब आणि ‘ईएक्सई’ असं होतं, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. विंडोज ओळखीच्या प्रकारांचं हे शेपूट लपवतं, म्हणून मेधाताईंना फक्त ‘टीटीएफ’ दिसलं. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, मग पूर्ण नाव दिसतं. फाँट हा कधीच स्वतः चालणारा प्रोग्रॅम नसतो. ही खूण मी आईबाबांच्या, सासूबाईंच्या, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर करून टाकली आहे.

अंकासाठी कुणीही फाँट किंवा मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठूनही उतरवू नका. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की कीबोर्ड मिळतो. त्यात फोनेटिकही आहे, रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारा. निर्मला हा देवनागरी फाँट मशीनवर असतोच.

आशुतोष

---

प्रेषक: विद्याकाकू
गुरुवार, दुपारी २.२०

मेधा, माझ्या लेखापायी तुझ्यामागे हे लागलं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तो फाँट १९९८ पासून माझ्या सवयीचा, बोटांना तोच येतो. आशुतोषने सांगितलेला फोनेटिक कीबोर्ड नातीने काल सुरू करून दिला. ‘ज्ञ’ सापडायला अर्धा तास गेला, पण सापडला.

पहिली दोन पानं नव्याने टाइप करून झाली आहेत. उरलेली सात रविवारपर्यंत होतील. मेलला जोडून पाठवत नाही, पेनड्राइव्हही नको. छापून आणते आणि तुझ्या हातात देते. तू वाचून बघ, मग काय ते ठरवू.

विद्याकाकू

---

प्रेषक: मेधा
गुरुवार, दुपारी ३.००

काकू, रविवारी जेवायलाच या. नवं विंडोज घालून झालंय. तुम्ही वाचा, मी समोर बसून टाइप करते.

फाइल उघडलेल्यांपैकी चौघांशी बोलणं झालंय. आणखी कुणी असेल तर कृपया आजच फोन करा. आशुतोष आणि मी दोघंही संध्याकाळी घरी आहोत.

मेधा