पहिली घागर भरायच्या आधी आप्पांचा फोटो मेक्सिकोत मांडू द्यावा का?

अमळनेरची_सून
आमचे आप्पा (सासरे) श्रावणात गेले. यंदा दिवाळी नव्हतीच, फराळ शेजारून आला तेवढाच. मुलगा मेक्सिकोत, केरेतारोला नोकरीला आहे. घरमालकीण सत्तरीची बाई. १ आणि २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचे दिवस असतात म्हणे. तिनं पुढच्या खोलीत टेबल मांडलंय. वर कागदाच्या नक्षीच्या पताका, झेंडूचा ढीग, मेणबत्त्या, नवऱ्याचा फोटो आणि फोटोपुढं चक्क सिगारेटचं पाकीट. तिनं पोराला विचारलं, तुझं कोणी गेलंय का? फोटो दे, यांच्या शेजारी ठेवते.

व्हिडिओ कॉलवर सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "तेस्ले तठे कसाले बलावतस?" (त्यांना तिथं कशाला बोलावता?) त्यांचं म्हणणं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पहिली घागर भरल्याशिवाय आप्पा पितरांत मिळत नाहीत. मधेच दुसऱ्यांनी बोलावलं तर वाट चुकतील. पोरगा म्हणतो, आजीला समजाव. मी काय समजावू? मलाच ठरवता येत नाहीये. कोणाला तिकडची माहिती आहे का?

बोदवडचा_भाऊ
नका देऊ ताई. तोंडाला कवट्या रंगवून नाचतात ते लोक. हॅलोविनचाच प्रकार. आपल्या माणसाची शोभा कशाला?

शहादेकर
भाऊ, घाई करताय. माझं गाव शहादा, पोटासाठी पुण्यात स्पॅनिश शिकवतो. दर वर्षी वर्गात हाच प्रश्न येतो.

तुम्ही पाहिलेली ती मिरवणूक मेक्सिको सिटीत २०१६ साली सुरू झाली, तीही जेम्स बाँडच्या सिनेमात आधी दाखवली म्हणून! गावाकडं वेगळंच असतं. पात्स्क्वारो तळ्यातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा आदिवासी बायका रात्रभर कबरीपाशी मेणबत्त्या लावून बसतात. १ तारीख लहान मुलांची, २ मोठ्यांची. युनेस्कोनं २००८ साली यादीत घेतलं तेही तिथल्या आदिवासींचा सण म्हणूनच.

आणि स्पॅनिश बोलणारे म्हणजे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. ग्वातेमालात सुम्पांगोला या दिवशी स्मशानालगत घरापेक्षा उंच पतंग उभे करतात. बोलिव्हियात ला पासला ८ नोव्हेंबरला लोक घरात जपलेल्या कवट्या फुलं घालून स्मशानात नेतात. मेक्सिकोतच पोमुच नावाचं माया लोकांचं गाव आहे. तिथं वर्षातून एकदा पेटीतली हाडं बाहेर काढतात, एकेक हाड ब्रशनं झटकतात, नवं भरतकामाचं कापड अंथरून त्यावर पुन्हा रचतात. आपल्याकडं राख सावडली की अस्थी घेऊन प्रकाशाला तापीवर जायची घाई. त्यांना हाडं हाताशी हवीत. मला हे वाचून आधी किळस आली होती, खरं सांगतो. मग वाटलं, आईच्या साड्या मी अजून दर दिवाळीला कपाटातून काढून उन्हात घालतो, ते काय वेगळं?

ताई, तुमच्या सासूबाईंना दोन गोष्टी सांगा. एक, त्या टेबलावर पाण्याचा ग्लास असतोच, लांबून आलेल्या जिवाला तहान लागते म्हणून. दोन, पहिल्या वर्षाचं त्यांनाही कळतं. प्वेब्ला भागात वाकेचुला नावाच्या गावात त्या वर्षी गेलेल्यांसाठी घरात पांढऱ्या साटिनचे मजल्यामजल्यांचे देव्हारे उभारतात. ओळख नसली तरी येईल त्याला आत घेतात, जेवू घालतात.

रावेरची_केळी
झेंडू मूळचा तिकडचाच. आपण दसऱ्याला म्हशीच्या गळ्यात घालतो तोच.

बोदवडचा_भाऊ
बरं, चुकलो. पण सिगारेट?

शहादेकर
तुमच्याकडं आगारीला (पितरांच्या नावानं विस्तवावर घास देताना) काय टाकतात? जे त्या माणसाला आवडायचं तेच ना.

अमळनेरची_सून
सगळ्यांचे आभार. काल रात्रीचं सांगते.

शहादेकरांचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. वाकेचुलाचं ऐकून काही बोलल्या नाहीत. पाण्याचं ऐकलं आणि विचारलं, "घागर का गिलास?" म्हटलं ग्लास. मग बराच वेळ शेंगा सोलत बसल्या. आखाजीची लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी, असं सगळं त्यांच्या डोक्यात असणार. ग्लास कुठं पुरतोय. शेवटी स्वतःच म्हणाल्या, टोपीवाला फोटो दे, बिनटोपीचा नको.

तो एकच धड फोटो आहे, नणंदेच्या लग्नातला. त्यातून कापून पाठवला. कोपऱ्यात व्याह्यांचा खांदा आलाय.

बाईनं पोराला विचारलं, आजोबांना काय आवडायचं? कळण्याची भाकरी आणि भरीत, तिथं कुठून आणणार! तिनं मक्याच्या पोळ्या ठेवल्या, हिरव्या मिरचीची चटणी ठेवली. सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि पोराला एवढंच विचारलं, पाणी फ्रीजमधलं तर नाही ना? आप्पांचे दात शिवशिवायचे. पोरगा उठला, ग्लास ओतून साधं पाणी भरून आणलं.